राज्य कुत्र्यावर

चेंडू मी फेकला, कुत्र्याने तो जाताना बघितला, आणि शेवटी मीच उठून आणला. असं दोन-तीनदा झाल्यावर सोफ्यावरून नवरा म्हणाला, "मस्त आणतेस गं. आता त्याला फेकायला शिकव."

मी तो चेंडू नवऱ्याला मारला. त्यानेही तो आणून दिला नाही.

आमचा कुत्रा शिबा जातीचा. तांबूस अंग, कोल्ह्यासारखं तोंड, वर वळलेली शेपटी आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की आपण इथे फक्त कामानिमित्त आलो आहोत. मुलगी कॉलेजसाठी नागोयाला गेली आणि टोकियोजवळच्या इचिकावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी 'आज भाजी काय करू' असं विचारायलाही कुणी उरलं नाही. नवरा ऑफिसातून येतो तो जेवणाच्या वेळेलाच. म्हणून हा आणला. मला घरात असं कुणीतरी हवं होतं, जे मला बघून धावत येईल. बस, एवढीच माझी मागणी होती, आणि कुत्र्याकडून ती फार आहे असं मला तरी वाटलं नव्हतं.

पण हा धावतच नसे. मी दार उघडलं की तो डोकं वर करायचा, मीच आहे याची खात्री करून घ्यायचा आणि डोकं खाली ठेवायचा. त्याला खाऊ मी घालायची, पहाटे नदीकाठी फिरवून मी आणायची, दारात त्याचे चारही पाय ओल्या फडक्याने पुसायची मी. आणि तो बघायचा असा, जणू मी बँकेच्या काउंटरवर बसलेली बाई आहे आणि त्याचा नंबर अजून आलेला नाही.

मग मी इरेला पेटले. कुत्र्याशी खेळायचे खेळ म्हणून जेवढं काही दाखवलं जातं तेवढं सगळं घरी आणलं. ओढाओढीचा दोर आणला. त्याने दोराचं एक टोक तोंडात धरलं, दुसरं मी धरलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. खाऊ लपवायची चिंध्यांची चटई आणली. त्याने चटई उलटी करून झटकली, खाऊ खाल्ला आणि झोपला. साबणाचे फुगे उडवले, तेही खास कुत्र्यांसाठीचे, चिकनच्या वासाचे. ते मलाच इतके आवडले की बाल्कनीत मी एकटीच अर्धा तास फुगे उडवत बसले. समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी मला नमस्कार केला, मीही वाकून केला, आणि माझा कुत्रा आत सोफ्यावर घोरत होता.

अशात सासूबाई आल्या. तीन महिन्यांसाठी, मिरजेहून. येताना मेतकूट, गोडा मसाला, दोन किलो शेंगदाण्याचा कूट आणि कुत्र्याविषयी पक्की मतं घेऊन आल्या.

"कुत्रं घरात?" दारातच त्यांनी विचारलं.

"आई, इथे सगळ्यांची कुत्री घरातच असतात."

"मग माणसं कुठे राहतात?"

तेवढ्यात नवरा कुत्र्याला फिरवून घेऊन आला. कुत्रा दारातल्या पायरीवर थांबला आणि त्याने पुसायला एक पाय पुढे केला. मग दुसरा. सासूबाई बघत राहिल्या. मग आपल्या पन्नाशीतल्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "हे तुला शाळेत असताना किती वर्षं सांगत होते रे मी?"

तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी एका बालवाडीत बाइतो करते, म्हणजे अर्धवेळ काम. मुलांना इंग्रजी गाणी शिकवायची, हातवारे करायचे, दुपारी घरी यायचं. तोवर फ्लॅटमध्ये सासूबाई आणि कुत्रा दोघंच. मी त्यांना टीव्ही लावून द्यायची, पण जपानी मालिकेत कोण कुणाची सून आहे हे कळत नाही म्हणून त्या तो बंद करायच्या. कुत्र्याशी बोलायची तर त्यांची तयारीच नव्हती. त्याचं नावही त्यांनी कधी घेतलं नाही. त्याला त्या 'मेल्या' म्हणायच्या, लाडात आल्या की 'गुलामा'.

एके दिवशी वादळाचा इशारा आला आणि बालवाडी लवकर सुटली. मी धावतपळत घरी आले, दार उघडलं, तर आत चिडीचूप. सासूबाईंच्या सपाता जागेवर. चहाचा कप अर्धा. "आई?" मी हाक मारली. त्यांच्या खोलीत नाहीत, स्वयंपाकघरात नाहीत. कुत्रा तेवढा दिसला. तो बाल्कनीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ताठ बसला होता. मी दोनदा नाव घेतलं तरी त्याने मान वळवली नाही.

पंचाहत्तरीला टेकलेली बाई, भाषा येत नाही, कुठे गेली असेल? मी न्हाणीघराचं दार उघडलं. कोरड्या टबात, गुंडाळायच्या झाकणाखाली, नऊवारीचा काचा मारून सासूबाई उकिडव्या बसल्या होत्या. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"श्श! राज्य त्याच्यावर आहे."

"काय?"

"राज्य गं, राज्य! डाव त्याच्यावर आहे. दार लाव आणि बाजूला हो, पाय दिसतात तुझे." आणि मग त्यांनी टबातून खणखणीत आवाजात आरोळी दिली, "साईसुट्ट्योऽऽ!"

ही आरोळी मी लहानपणानंतर ऐकली नव्हती. आमच्या अंगणात लपंडाव खेळताना सगळे लपून झाले की हीच आरोळी व्हायची आणि मग ज्याच्यावर राज्य असे तो शोधायला सुटायचा. बाल्कनीतून नखांचा खडखडाट आला. कुत्रा सुसाट आला. आधी पडद्यामागे, मग गाद्यांच्या कपाटात, मग वॉशिंग मशीनच्या फटीत नाक. मी मध्येच उभी होते तर मला वळसा घालून गेला, खुर्चीला घालतात तसा. न्हाणीघरात शिरला, टबाच्या कडेवरून डोकं आत घातलं आणि पुढचा पाय सासूबाईंच्या पाठीवर आपटला.

"धप्पा! धप्पा दिलान मेल्याने!" सासूबाई टाळ्या पिटत ओरडल्या. खरं तर धप्पा लपलेल्याने द्यायचा असतो, पण यांच्या खेळात उलटं होतं. कुत्रा गोल गोल फिरत होता, कानांपासून शेपटीपर्यंत सगळा हसत होता. हा माझा कुत्रा. चटई उलटी करून झोपणारा.

त्यांनी त्याला हे कसं शिकवलं हे विचारलं तर म्हणाल्या, "त्यात शिकवायचं काय? तुम्ही जेवण वाढताना त्याला 'मात्ते' म्हणता ना, थांब म्हणून? मी पण मात्ते म्हटलं आणि लपले. पहिल्या दिवशी त्याला सापडायला फार वेळ लागला. टबात डोळा लागला माझा."

सासूबाईंचं जपानी एवढंच, मात्ते. ते त्यांनी कुत्र्याला, मुलाला आणि एकदा रस्त्यात बसच्या ड्रायव्हरलाही म्हणून बघितलं. तिघंही थांबले.

मला मत्सर वाटला. अगदी स्पष्ट सांगते, कुत्र्यावरून मला माझ्या सासूचा मत्सर वाटला. लग्नानंतर इतक्या वर्षांत आमचं कधी वाजलं नव्हतं, स्वयंपाकघरातसुद्धा नाही. आणि आता मी कांदा चिरताना मनात म्हणत होते, पाय कोण पुसतं याचे? पहाटे कोण उठतं? यांनी टबात बसायचं आणि मी काय जन्मभर पाय पुसायचे?

त्या आठवड्यात शेजारच्या बाई आल्या. त्या आपल्या म्हाताऱ्या पूडलला बाबागाडीत बसवून फिरवतात. नदीकाठच्या मैदानावर रविवारी कुत्र्यांचा उंदोकाई आहे, असं सांगायला आल्या होत्या. उंदोकाई म्हणजे शाळेत असतो तो खेळांचा दिवस. तंबू, माइक, पांढऱ्या रेघा, घरून आणलेले डबे, सगळं तसंच, फक्त धावायला मुलांऐवजी कुत्री. त्यात एक हाकेची शर्यत होती. कुत्र्याला एका टोकाला कुणीतरी धरायचं, दुसऱ्या टोकाला मालकाने उभं राहून हाक मारायची. ज्याचा कुत्रा आधी पोचेल तो जिंकला.

मी लगेच नाव दिलं. मालक म्हणून माझं.

शर्यत जिंकण्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला फक्त एकदा, सगळ्यांच्या देखत, तो माझ्याकडे धावत यायला हवा होता. सासूबाई त्या रविवारनंतर चारच दिवसांनी परत जाणार होत्या. त्यानंतर घरात मी आणि हा. तो माझ्याकडे आला तर आमचं निभेल, नाही आला तर मी पुन्हा आपली काउंटरवरची बाई. असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि तयारीला लागले. रोज रात्री जेवणं झाली की पॅसेजच्या एका टोकाला कुत्रा, दुसऱ्या टोकाला मी, हातात चिकनची वाळवलेली पट्टी. नवरा त्याला धरायचा आणि माझी मजा बघायचा.

"त्याला परफॉर्मन्स प्रेशर देऊ नकोस," तो म्हणायचा. "एवढी तयारी तू माझ्या प्रमोशनला पण केली नाहीस."

कुत्रा यायचा. चालत यायचा. पट्टी घ्यायचा आणि परत नवऱ्याकडे जाऊन बसायचा.

सासूबाईंना सगळं दिसत होतं. शनिवारी रात्री भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "उद्या मी घरीच थांबते. मला बघून बिथरायचा तो."

"एकटी घरी काय करशील, आई?" नवरा म्हणाला. "डबे घेऊन जाऊ, नदीकाठी बसू. चल."

"बरं, येते. पण त्याच्या नजरेसमोर नाही थांबायची. शर्यतीच्या वेळेला मी कुठेतरी लपून बसेन, म्हणजे तो नीट हिच्याकडे जाईल." आणि माझ्याकडे बघून त्या हसल्या.

मला इतकं भरून आलं की मी त्यांना वाकून नमस्कार केला. आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. दोन इंजिनिअरिंगच्या पदव्या आहेत आमच्या घरात.

रविवारी ऊन छान होतं. मैदानावर निळ्या सतरंज्या पसरल्या होत्या, त्यांवर माणसं, डबे आणि कपडे घातलेली कुत्री. सासूबाई नऊवारी, खाली मुलीचे जुने बूट आणि डोक्यावर माझी मान झाकणारी टोपी अशा थाटात होत्या. त्यांच्यासोबत फोटो काढून घ्यायला रांग लागली. त्या प्रत्येक फोटोच्या आधी कुत्र्यांना 'मात्ते' म्हणत होत्या आणि कुत्री थांबत होती.

आमची पाळी आली. एका स्वयंसेवकाने आमच्या कुत्र्याला छातीशी धरलं. मी पलीकडच्या रेघेवर जाऊन बसले, पट्टी काढली, हात पसरले. सासूबाई ठरल्याप्रमाणे उठल्या, पदर खोचला आणि चवड्यांवर हळूहळू तंबूच्या मागे गेल्या. कुत्र्याने मान वळवून त्यांना जाताना शेवटपर्यंत बघितलं.

शिट्टी झाली. मी सगळा जीव एकवटून त्याचं नाव घेतलं.

आणि तो सुटला! शर्यतीतली बाकीची तीन कुत्री अजून वास घेत होती तोवर हा निम्म्यावर. कान मागे, पोट जमिनीला, सरळ माझ्याच दिशेने. लोक ओरडत होते. मी ओरडत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ये रे माझ्या राजा, ये! तो आला, माझ्या पसरलेल्या हातांपाशी आला, माझ्या खांद्यावरून उडी मारून पलीकडे गेला आणि गेलाच.

मग जे झालं ते मैदानाने पाहिलं. तो पहिल्या तंबूत शिरला, दुसऱ्यातून निघाला, एका कुटुंबाच्या निळ्या सतरंजीवरून डब्यांमधून एकाही डब्याला धक्का न लावता गेला, बाबागाडीतल्या पूडलला हुंगून 'ही नव्हे' असं ठरवून पुढे गेला. माइकवरचा माणूस त्याच्या मागोमाग वर्णन करत होता आणि लोक हसून हसून वाकत होते. शेवटी बर्फाच्या पेट्यांच्या ढिगामागून एक मराठी किंकाळी आली.

"धप्पा! अरे मेल्या, आज नाही! आज नाही रे!"

सासूबाई पेट्यांमागून उठल्या तेव्हा टोपी कुत्र्याच्या तोंडात होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांना कपाळाला हात लावताना बघून लोकांना वाटलं हा सलाम आहे, त्यांनीही केला. आम्हाला सगळ्यात उत्साही कुत्र्याचं बक्षीस मिळालं, कागदी रुमालांची पाच खोकी. मी चिकनची पट्टी हातात धरून हसत होते. इतकी हसले की खाली बसले. आणि हसताना मला असं रडूही येत होतं की नवऱ्याने बक्षिसातलं एक खोकं तिथेच फोडलं.

परतताना सासूबाई "लपले हीच चूक झाली," एवढंच म्हणाल्या. "हो ना," मी म्हणाले, जरा तोडूनच.

चार दिवसांनी त्या गेल्या. विमानतळावर माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "त्याला रागावू नकोस गं." मला म्हणायचं होतं, आई, मी तुम्हालाच रागावले होते, आणि आता तोही राग उरला नाही. पण रांग पुढे सरकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामावरून आले तर कुत्रा बाल्कनीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. ताठ. त्याने स्वतःवर राज्य घेतलं होतं. आरोळी येईल म्हणून तो कान टवकारून वाट बघत होता. आरोळी आली नाही. पुष्कळ वेळाने तो आपणहून उठला, टबात डोकावला, कपाट हुंगलं, मशीनची फट बघितली आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. मी हाका मारल्या, पट्टी नाचवली. पट्टीसुद्धा त्याने घेतली नाही. रोज हेच. मला बघवेना.

मी सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि मग एकदम त्यांचा आवाज चढला.

"आणि तू काय करतेस?"

"मी काय करणार, आई? हाका मारते. खाऊ दाखवते."

"अगं, तो शोधतोय! शोधणाऱ्याला कुणीतरी सापडायला नको? तू आपली रोज समोर उभी राहून हाका मारतेस. समोर उभी असलेल्या बाईला कोण शोधणार? लप की जरा!"

"मी? आई, मी पन्नाशीला आले."

"मी पंचाहत्तरीला टबात बसत होते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याला कोपऱ्यात बसलेला बघितलं, 'मात्ते' म्हटलं आणि आतल्या खोलीत गेले. गाद्यांच्या कपाटाच्या खालच्या खणात शिरले. गुडघे वाजले. पाठीला हिवाळ्याची रजई, नाकात डांबराच्या गोळ्यांचा वास. दार ओढून घेतलं. मग आरोळी द्यायची तर मला लाज वाटायला लागली. बालवाडीत मी रोज बेडूक होते, ससा होते, पण तिथे पगार मिळतो. शेवटी डोळे मिटले आणि ओरडले, "साईसुट्ट्योऽऽ!"

नखं खडखडली. माझी छाती धडधडायला लागली. खरंच, लहानपणी धडधडायची तशीच. तो न्हाणीघरात गेला. मशीनपाशी गेला. पडद्याच्या कड्या वाजल्या. आणि मग मला भीती वाटली, की हा शोधतोय त्यांना. दार उघडून आत मी दिसले, तर? त्याचा तो चेहरा पडलेला मला या एवढ्याशा जागेत, इतक्या जवळून बघावा लागणार.

दाराच्या फटीत नाक आलं. दार सरकलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागे बघितलं, रजईच्या पलीकडे, डावीकडे, उजवीकडे. तिथे कुणी नव्हतं. त्याने पुन्हा माझ्याकडे बघितलं. हातात पट्टीही नव्हती माझ्या. मग त्याने पुढचा पाय उचलला आणि माझ्या गुडघ्यावर आपटला.

"धप्पा," मी म्हणाले.

मला वाटलं, आता हा गोल गोल फिरेल, बाहेर पळेल. तर तो आत आला. माझ्या आणि रजईच्या मध्ये अंग घुसवून बसला आणि बाहेर बघत राहिला. तेवढ्यात बाहेरच्या दाराची किल्ली फिरली. नवरा त्या दिवशी लवकर आला होता. एरवी नवऱ्याची किल्ली वाजली की हा दाराशी जातो, आणि मला वाटलं, आता जाईल.

"अगं?" नवऱ्याने हाक मारली. स्वयंपाकघराचा दिवा लागला. "अगं, कुठे आहेस?" मग कुत्र्याचं नाव घेतलं.

मी हळूच दार ओढून घेतलं आणि त्याच्या कानात म्हटलं, श्श. तो हलला नाही. अंधारात माझ्या मांडीला चिकटून, श्वास रोखून बसला होता, आणि बाहेर माझा नवरा एकेका खोलीत जाऊन आम्हा दोघांना शोधत होता.